मोटरहोमनं कोकण करायचं तर किलोमीटर नाही, खाड्या मोजा

प्रश्न असा आहे की दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंना दिवाळीनंतर दहा दिवस काढून सहा माणसांना कोकण दाखवायचं आहे. ते दोघं, आई-वडील सत्तरीच्या घरात, दोन पोट्टे आठ अन बारा वर्षांचे. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी धाकटा भाऊ पाहणार. मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेऊन अलिबागपासून गोव्यापर्यंत सगळा किनारा करायचा, तर गाडी भाड्यानं घ्यावी की घरची जुनी ट्रॅव्हलर बेड टाकून बनवून घ्यावी, अन खर्च किती, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

मी दिग्रसकडचा. बारा वर्षं दुसऱ्याच्या ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर होतो, मग स्वतःची ट्रॅव्हलर घेतली अन तिचीच कॅम्पर, म्हणजे मोटरहोमच, करून सात-आठ वर्षं झाली लोकांना फिरवतो, कोकणात दरवर्षी दोन-तीन फेऱ्या होतातच. त्या हिशोबानं सांगतो, भाऊ, तुमचा प्रश्न गाडीचा नाहीच. गाडी कोणतीही चालेल. प्रश्न हा आहे की आपण समुद्रापासून आठशे किलोमीटर आत राहतो अन तुमच्याकडं दहाच दिवस आहेत. जायला अडीच दिवस, यायला अडीच, उरले पाच. पाच दिवसांत अलिबाग ते गोवा केलं तर आई-बाबांना समुद्र खिडकीतूनच दिसेल अन पोट्टे उलट्या करतील, बाकी काही होणार नाही.

नकाशावर रेवस ते रेड्डी असा सागरी मार्ग दिसतो, पाचशेच्या आसपास किलोमीटर, अन आपल्याला वाटते की आपल्याकडं पाचशे किलोमीटर म्हणजे एक दिवस. तिथंच सगळे फसतात. तो रस्ता समुद्राला धरून सरळ जात नाही. प्रत्येक खाडीपाशी खाली उतरायचं, फेरीबोटीत गाडी टाकायची नाहीतर खाडीला वळसा घालून यायचं, पुन्हा घाटी चढायची, पुन्हा उतरायचं. उत्तरेकडून धरलं तर आगरदांडा-दिघी, मग बागमांडला-वेसवी, मग दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड, या चार फेऱ्या तर आहेतच. काही खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत पण आजचा हिशोब फेरीबोटीचाच धरा. मध्ये गावं लागतात तिथं दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, वर फणसाची फांदी, समोरून एसटी. अशा रस्त्यावर मोठ्या गाडीचा तासाला पंचवीस किलोमीटर पडला तरी मी चांगलं समजतो. म्हणून मी गिऱ्हाईकाला पहिले हेच विचारतो की किती खाड्या ओलांडायच्या आहेत. पाच दिवसांत एक खाडी. फार तर दोन.

तुमच्यासाठी मी रत्नागिरी ते गुहागर एवढाच तुकडा सुचवतो. सगळा मिळून सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, खाडी एकच, जयगडची. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळे, तो रस्ता वरून समुद्र दाखवत जाते, आई-बाबांना गाडीतून उतरायचीसुद्धा गरज नाही. पुळ्याला दोन मुक्काम. बाजूलाच मालगुंड, केशवसुतांचं गाव, पोट्ट्यांच्या पुस्तकात कविता असेल तर दाखवून आणा. मग जयगडचा किल्ला, फेरीनं पलीकडं तवसाळ, हेदवीचा दशभुज गणेश, वेळणेश्वर, गुहागर. बस. तारकर्ली-मालवण चांगलं नाही असं नाही, पण त्यासाठी वेगळी ट्रिप करा.

जायला दोन वाटा आहेत. समृद्धीनं कारंज्याहून चढलं की सरळ भिवंडीजवळ आमण्यापर्यंत, २०२५ च्या जूनपासून पूर्ण ७०१ किलोमीटर चालू आहे. अलिबाग-मुरूडकडं जाणार असता तर तीच वाट सांगितली असती. रत्नागिरीसाठी मात्र आपला रत्नागिरी-नागपूर महामार्गच बरा, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर अन आंबा घाट. पहिला मुक्काम तुळजापूर, चारशेच्या आत-बाहेर पडते, आई खूश. दुसरा कोल्हापूर, तिथंही देवीच, आई आणखी खूश. दुसऱ्या दिवशी घाई करून रात्रीच घाट उतरू नका, तिसऱ्या दिवशी सकाळी उतरा. सहा माणसं, पाणी, गॅस, सामान धरून गाडी जड असते, अन जड गाडी घाटात ब्रेकवर उतरवली की पाच किलोमीटरमध्ये वास यायला लागते. जुने ड्रायव्हर सांगायचे ज्या गियरात चढशील त्याच गियरात उतर, ते आजही खरं आहे. परत येताना गुहागर-चिपळूण-कुंभार्ली घाट-कराड करून पंढरपूर धरता येते, बाबा माळकरी असले तर ते सोडणारच नाहीत. फक्त तुमच्या तारखा कार्तिकी एकादशीला लागून असतील तर गाडी गावाबाहेर लावा, त्या गर्दीत सहा मीटरची गाडी आत नेली तर दुसऱ्या दिवशीच बाहेर निघेल.

आता फेरीबोटीचं सांगतो, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती तिथंच झाली. कोजागिरी होती. गिऱ्हाईक नव्हतं, घरचेच होतो, म्हटलं संध्याकाळपर्यंत पलीकडं जाऊ अन वाळूत बसून दूध पिऊ. साडेपाचला जेट्टीवर पोहोचलो. बोट लागलेली, पण उतार असा खोल गेलेला की विहिरीत उतरल्यासारखं वाटे. खलाशी म्हणाला, "मोठी गाडी आहे, जरा थांबा." मी म्हटलं काही होत नाही, समृद्धीवर चालवतो मी. रिव्हर्समध्ये चढवायला लागलो, मागचं चाक बोटीच्या फळीवर चढलं अन मागचा लांब भाग खाली घासला, कट्ट असा आवाज आला. सांडपाण्याचा पाइप मी मागच्या बंपरखालून काढला होता, तो बुडापासून तुटला. दिवसभराचं भांडी धुतलेलं पाणी, त्यात वांग्याच्या भाजीचं तेल, सगळं उतारावरून खाली. मागं दहा-बारा स्कूटरवाले पाय वर घेऊन उभे. बायकोनं खिडकी लावून घेतली अन तिनं पलीकडं पोहोचेपर्यंत उघडली नाही.

खलाशानं विचारलं, "आज तिथी काय?" मले तिथी कुठली माहीत, आतून आई म्हणाली, "पुनव नाही का रे बाबू, दूध आणलं ना." तो म्हणाला, मग पुनवेच्या संध्याकाळी तळाची ओहोटी असणारच, दुपारी आला असतास तर गाडी सपाट गेली असती. त्यानंच मग हिशोब शिकवला, तिथीला पाऊणनं गुणायचं, जो आकडा येईल साधारण त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, पुनव-अवसेला सव्वाअकराच्या सुमारास, अन तिथून सहा तासांनी ओहोटी. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अष्टमीकडं पाणी कमी चढते, कमी उतरते, तेव्हा उतार फार खोल जात नाही. पुनव-अवसेला उधाण. जेट्टीवर विचारून घ्यायचंच, पण आदल्या रात्री घरचं कॅलेंडर पाहून ठरवता येते की उद्या खाडी कधी ओलांडायची. तेव्हापासून मी मोठी गाडी भरतीच्या तास-दीड तास आगंमागंच बोटीत टाकतो. अन पाइप बंपरखालून काढून बाजूला घेतला. तुम्ही भाड्याची गाडी पाहायला जाल तेव्हा खाली वाकून मागच्या चाकाच्या मागं काय काय लटकून आहे ते पाहा, गादीचा रंग नंतर.

वाळूचं दोन शब्दांत सांगतो. गाडी बीचवर नेऊ नका. ओली वाळू कडक दिसते, चाकाखाली येऊन दोन मिनिटं गाडी थांबली की बसते, अन भरती वाट पाहत नाही. आपल्याकडं काळ्या मातीच्या वावरात पावसात ट्रॅक्टर फसतो तसंच, फरक एवढा की वावरात उद्या सकाळी काढता येतो.

पाणी अन संडास यावर लोक विचारत नाहीत अन ट्रिप इथंच मोडते. बहुतेक कॅम्परमध्ये शंभर लिटरच्या आसपास टाकी असते. सहा माणसांनी हात-तोंड, भांडी, थोडं अंग धुणं एवढं केलं, माणशी पंधरा लिटर, तर नव्वद लिटर गेले. म्हणजे टाकी रोज भरायची. मोठी टाकी लावा म्हणाल तर एक लिटर म्हणजे एक किलो, अडीचशे लिटर म्हणजे तीन माणसं छतावर बसवून घाट चढल्यासारखं. संडास पोर्टेबल असते, खालची टाकी वीस लिटरची, सहा माणसांत दीड-दोन दिवसांत भरते. मग ती रिकामी कुठं करायची? समुद्रात नाही, माडाच्या आगरात तर अजिबात नाही, कोणाच्या तरी संडासातच ओतावी लागते, अन त्यासाठी माणूस ओळखीचा लागते.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की कोकणात रात्री गाडी रानात उभी करायची नाही, घरगुती निवासवाल्याच्या दारात करायची. त्यांची एक खोली घ्यायची, आई-बाबा खोलीत पलंगावर झोपतील, संडास-बाथरूम हक्काचं, तुम्ही अन पोट्टे गाडीत. टाकी तिथंच भरा, तिथंच रिकामी करा, बॅटरी चार्जला लावा. लोक म्हणतात मग मोटरहोमचा फायदा काय? फायदा हा की दुपारी बाराला वेळणेश्वरला आईचे पाय दुखले तर तिला आडवं व्हायला जागा आहे, पोट्टा उपाशी असला तर खिचडी टाकता येते, बाबांना अर्ध्या तासात दोनदा लघवी लागते तर हॉटेल शोधावं लागत नाही. म्हाताऱ्यांबरोबर या गाडीचं काम खरं तर दिवसाचंच आहे. तिकडं सिंधुदुर्गात घरापुढच्या अंगणाला खळं म्हणतात, माझी आई पहिल्यांदा ऐकून म्हणे "यायनं घरापुढंच कायले मळणी काढली", कारण आपल्याकडं खळं म्हणजे धान्याचं. तर त्या खळ्यात किंवा अंगणात गाडी मावते का हे आधी फोनवर विचारा, अन "ट्रॅव्हलर मावेल का" असं विचारा, "मोटरहोम" म्हटलं की समोरचा घाबरते नाहीतर भाव वाढवते.

विजेचा हिशोब सोपा आहे पण कोणी करत नाही. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) साधी बॅटरी म्हणजे अठराशे वॉट-तास, पण साधी लेड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य जाते, म्हणजे हाताशी नऊशे. पंचवीस वॉटचे तीन पंखे आठ तास चालले की सहाशे गेले, उरल्यात लाइट अन मोबाईल. एक टनाचा एसी हजार वॉटच्या वर ओढते, तो या बॅटरीवर तासभरही चालत नाही. लिथियम असली तर बरीच जास्त वापरता येते, पण एसी रातभर हवा असेल तर बाहेरची वायरच लागते, पुन्हा तेच, घरगुती निवासवाला. अन एक शहाणपणा मी केला तो तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी गाडीत लहान कूलर बसवला. आपल्या मे महिन्यात कूलरसमोर बसलं की स्वर्ग, म्हटलं तिकडंही तेच. कोकणात हवाच ओली, त्यात कूलरचं पाणी सुकणार कसं, रातभर ओल्या गोधडीत झोपल्यासारखं झालं. पंखा ठेवा, खिडक्यांना मच्छरजाळी ठेवा, बाकी काही नको.

जुनी ट्रॅव्हलर बनवून घ्यावी का? एका ट्रिपसाठी नाही. बेड टाकले, गॅस बसवला, खिडकी कापली की तो गाडीतला बदल झाला, त्याला आरटीओची परवानगी अन आरसी बुकावर नोंद लागते. नोंद नसली अन उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. दर दिवाळीला अन दर मे महिन्यात जाणार असाल, बाकी वेळ भाड्यानं देणार असाल तर बोलू, पण मग ते धंद्याचं गणित झालं. भाड्याची घ्याल तर नंबरप्लेट पाहा. पांढऱ्या प्लेटची घरगुती गाडी कोणी "ओळखीत देतो" म्हणून देते, स्वस्त पडते, पण तीत पैसे देऊन बसलेल्या माणसांचा विमा लागत नाही. पिवळी प्लेट, ड्रायव्हरसकट. नाहीतर स्वतः चालवायची असेल तर काळ्या प्लेटवर पिवळे अक्षर. चालवायला तुमचं चारचाकीचं साधं लायसन चालते, साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी त्यात येते, सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये ते पक्कं केलं. तरीही माझं मत, पहिल्यांदा ड्रायव्हर घ्या. गडग्यातून गाडी काढताना मागं आई "हळू रे, हळू रे" म्हणत असते, त्यात नवीन माणसाचं टाळकं जागेवर राहत नाही.

भाडं गाडीगणिक अन सीझनगणिक बदलते, दिवाळीत दुप्पट मागणारेही आहेत, म्हणून आकडा सांगत नाही. डिझेलचा मात्र सांगतो. जाऊन-येऊन सोळाशे, तिकडं फिरणं तीन-चारशे, दोन हजार धरा. भरलेली ट्रॅव्हलर लिटरला दहाच्या आसपास देते, घाटात कमी. दोनशे लिटर, नव्वदच्या वरचा भाव धरला तर अठरा-एकोणीस हजार. टोल वेगळा. जेवणाचं म्हणाल तर ज्वारीचं पीठ अन ठेचा इथूनच न्या, तिकडं भाकर तांदळाची मिळते अन तिसऱ्या दिवशी बाबा ज्वारीची मागतातच. गॅस पाच किलोचा पुरते. गाडी चालू असताना चूल बंद, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, अन बेडवर कोणी झोपायचं नाही, सगळे सीटवर पट्टा लावून. पोट्ट्यांना आडव्या सीटवर बसवलं की घाटात उलटी ठरलेली, त्यांना समोर तोंड करून बसवा.

पुळ्याला एक सांभाळा. तिथला समुद्र दिसतो शांत पण पायाखालची वाळू ओढून नेते, दरवर्षी लोक बुडतात, त्यातले बरेच घाटावरचे, आपल्यासारखे विहिरीत पोहायला शिकलेले. बारा वर्षांचा पोट्टा म्हणेल मले पोहता येते. घोट्याच्या वर जाऊ देऊ नका, अन तिथले जीवरक्षक शिट्टी मारतील तर वाद घालू नका.

गाडी परत आणली की दुसऱ्या दिवशी खालून गोड्या पाण्यानं धुवा, भाड्याची असली तरी मालकाला सांगा, खारी हवा चेसिसला लागली की गंज आतून चढते.

अन निघायच्या आधी टायर. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, समजा २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कॅम्पर गाड्या वर्षातले आठ महिने उभ्याच असतात, त्यामुळं नक्षी नवीन दिसते अन रबर म्हातारं झालेलं असते, तसा टायर उन्हात जड गाडीखाली फुटतो. पाच-सहा वर्षांच्या वरचा असला तर मालकाला म्हणा बदलून दे, नाही म्हणाला तर दुसरी गाडी पाहा. स्टेपनीचेही चार आकडे वाचा, ती कोणीच पाहत नाही.